एवढासा कण

मागच्या रविवारी मिस्सामध्ये, म्हणजे आमच्या कॅथलिक चर्चमधल्या उपासनेत, कम्युनियनची म्हणजे पवित्र भाकर घ्यायची लाईन चालू असताना एका आजोबांच्या हातून होस्ट, म्हणजे त्या भाकरीची छोटी चकती, खाली पडला. हात थरथरत होते त्यांचे, तळहातावरचा होस्ट उचलून तोंडात घालायला गेले आणि निसटला. लाईन तिथल्या तिथे थांबली. फादर गुडघा टेकून खाली वाकले, होस्ट उचलला, स्वतः सेवन केला, जिथे पडला होता तिथे एक पांढरं कापड अंथरलं, आजोबांना दुसरा होस्ट जिभेवर दिला आणि मग लाईन पुढे सरकली. मी मिस्सानंतर वेदीची कापडं गोळा करायला थांबते, त्यामुळे पुढचं फक्त मला दिसलं. सगळे बाहेर गेल्यावर फादर वाटीत पाणी घेऊन परत आले आणि तेवढी जागा हाताने पुसून काढली, आणि ते पाणी नेहमीच्या बेसिनमध्ये नाही ओतलं, सॅक्रिस्टीत, म्हणजे वेदीचं सामान ठेवायच्या खोलीत, त्यासाठी वेगळं भांडं बसवलेलं असतं ज्याचा पाईप सरळ जमिनीत जातो, तिथे ओतलं. आता नियमाने होस्ट आदराने उचलला तरी पुरतं, धुवायचा नियम सांडलेल्या द्राक्षारसासाठी आहे. पण फादर म्हणाले, "एखादा कण राहिला असेल तर?"

हे वाक्य आठवडाभर डोक्यात आहे म्हणून लिहायला बसले.

माझी एक मैत्रीण कॅथलिक नाही, तिने मला एकदा अगदी मनापासून विचारलं होतं, की अगं ती एवढीशी गव्हाची चकती, येशूची आठवण म्हणून खाता ना तुम्ही, मग एवढं जपायचं कशाला? तिचा प्रश्न बरोबरच होता. आठवणच असती तर जपायची खरंच एवढी गरज नव्हती. पण आम्ही आठवण म्हणून नाही घेत. आम्ही मानतो की फादर वेदीवर येशूचे शब्द उच्चारतात, 'हे माझं शरीर आहे', आणि त्या शब्दांनी ती भाकर भाकर राहतच नाही. दिसते तशीच, चव तीच, वजन तेच, गहू सोसत नसलेल्याला त्रासही होतोच, पण ती जे आहे ते बदलतं. चर्चने यासाठी जो शब्द वापरला त्याचा साधा अर्थ तत्त्वांतर, 1215 च्या लॅटरन इथल्या बिशपांच्या परिषदेत तो आला आणि 1551 मध्ये ट्रेंटच्या परिषदेने तो पक्का केला. पण शब्द नंतरचा आहे, श्रद्धा सुरुवातीपासूनची. अंत्युखचे बिशप संत इग्नाशियस दुसऱ्या शतकाच्या सुरुवातीला, शिक्षा भोगायला रोमला नेत असताना वाटेत लिहिलेल्या पत्रात सरळ म्हणतात की हे आपल्या तारणाऱ्याचं शरीर आहे.

आणि बायबलमधल्या योहानाच्या शुभवर्तमानाचा सहावा अध्याय. मला कुणी म्हटलं की एकच जागा दाखव, तर मी हीच दाखवीन. येशू म्हणतो माझा देह खरं अन्न आहे, माझं रक्त खरं पेय आहे. लोक आपसात वाद घालतात की हा माणूस आपल्याला स्वतःचा देह खायला कसा देणार. शिष्यसुद्धा म्हणतात हे बोलणं कठीण आहे, कोण ऐकून घेईल, आणि त्यांच्यातले पुष्कळजण सोडून जातात. त्यांना थांबवायला एक वाक्य पुरलं असतं, अरे मी उदाहरण देत होतो. ते वाक्य तो बोलत नाही. उलट जवळच्या बारा शिष्यांकडे वळून विचारतो, तुम्हालाही जायचंय का? आणि पेत्र म्हणतो प्रभू, आम्ही कुणाकडे जाणार. पेत्राला तेव्हा सगळं समजलं होतं असं मला नाही वाटत. समजलं नाही तरी तो थांबला, आणि मला त्याचं तेच फार जवळचं वाटतं.

तर कणाचं. ट्रेंटच्या परिषदेने आणखी एक गोष्ट स्पष्ट सांगितली, की होस्ट मोडला तरी ख्रिस्त मोडत नाही, प्रत्येक तुकड्यात तो पूर्ण असतो. म्हणजे मोठा होस्ट घेणाऱ्याला जास्त आणि छोटा तुकडा घेणाऱ्याला कमी असं काही नाही. म्हणूनच कम्युनियन झाल्यावर फादर ती सोनेरी तबकडी चषकावर तिरकी धरून बोटाने कण आत सारतात, पाणी घालतात, पितात, मग चषक कापडाने पुसतात. तोपर्यंत अर्ध्या लोकांचं लक्ष नसतं, कुणी नोटीस वाचायला उठलेलं असतं, कुणी पार्किंगचा विचार करत असतं. मी पण वर्षानुवर्षं ते भांडी आवरणं समजूनच बघत होते. पहिल्यांदा ती कापडं धुवायचं काम माझ्याकडे आलं तेव्हा मला सांगितलं गेलं की आधी साध्या पाण्यात भिजव, ते पाणी मातीत ओत, मगच साबण. कापड उघडताना घडीवर घडी अशी आतल्या बाजूला येते की मध्ये कण असेल तर खाली पडू नये. तेव्हा कुठे माझ्या लक्षात आलं की हे सगळं कुणीतरी फार प्रेमाने ठरवलेलं आहे.

आणि हे आजचं नाही. जेरुसलेमचे बिशप संत सिरिल यांच्या नावाने चौथ्या शतकातली प्रवचनं आहेत, त्यात नवीन ख्रिस्ती झालेल्यांना शिकवलंय की डावा हात उजव्या हाताखाली सिंहासनासारखा धर, कारण राजाला घ्यायचंय, आणि कण सांडू देऊ नकोस, कुणी सोन्याचे कण दिले असते तर किती जपून धरले असतेस, आणि हे तर सोन्याहून मोलाचं. मी लाईनमध्ये हात पुढे करते तेव्हा हे आठवायचा प्रयत्न करते. रोज जमतंच असं नाही, सवय फार वाईट असते, आपोआप आमेन निघून जातं तोंडातून.

कम्युनियनच्या आधी एक तास काही खायचं नाही एवढाच उपवास आता उरलाय, पाणी आणि औषध चालतं, आजारी आणि म्हाताऱ्यांना तेही बंधन नाही. पूर्वी मध्यरात्रीपासून असायचा. मला एक तास फारच कमी वाटतो पण तो माझा प्रश्न. मनाची तयारी जास्त महत्त्वाची, संत पौल करिंथकरांना लिहितो की माणसाने आधी स्वतःला पारखावं आणि मगच खावं, म्हणून गंभीर पाप असेल तर आधी पापनिवेदन.

व्हिएतनामच्या बिशप व्हॅन थुआन यांच्याबद्दल वाचलं तेव्हा मी खूप रडले होते. 1975 मध्ये अटक झाली, 13 वर्षं कैदेत, त्यातली 9 एकांतवासात. त्यांनी बाहेर निरोप पाठवला की पोटदुखीचं औषध म्हणून थोडी वाईन पाठवा, लोकांना अर्थ कळला. मग रोज तळहातावर वाईनचे तीन थेंब आणि पाण्याचा एक थेंब घेऊन ते मिस्सा करायचे. तळहात हाच चषक, तीच वेदी. सिगारेटच्या पाकिटाच्या कागदाच्या छोट्या पिशव्या करून त्यात पवित्र साक्रामेंत, म्हणजे तीच पवित्र भाकर, ठेवून कैद्यांनी तो एकमेकांना पोचवला, रात्री अंधारात आराधना केली. आमच्याकडे होस्ट ठेवायची पेटी, टॅबरनॅकल आहे, बाजूला लाल दिवा अखंड जळतो, चर्चचं दार उघडं असतं, आणि मी कितीतरी वेळा घाईघाईत अर्धवट गुडघा टेकून निघून जाते.

दोन वर्षांपासून मी आजाऱ्यांना कम्युनियन न्यायला जाते. छोटी गोल डबी असते, गळ्यातल्या पिशवीत, छातीशी. ती गळ्यात असताना मी रस्त्यात कुणाशी बोलत नाही, फोन बंद असतो. गेल्या महिन्यात एका आजींकडे गेले, अंथरुणाला खिळलेल्या, घास गिळणं जवळजवळ बंद झालेलं. सून म्हणाली राहू दे गं, ठसका लागेल. आजी डोळ्यांनी नाही म्हणाल्या. मी होस्टचा एक तुकडा मोडला, नखाएवढा असेल, त्यातूनही आणखी लहान केला, ख्रिस्ताचं शरीर म्हणाले, ओठ हलले पण आमेन ऐकू आलं नाही. तो कण जिभेवर ठेवला आणि चमच्याने दोन थेंब पाणी. आम्ही दोघी वाट बघत राहिलो. बराच वेळ लागला. मग घसा हलला.

उरलेलं मी सेवन केलं आणि डबीला झाकण लावायला लागले. आजींनी माझं मनगट धरलं. त्यांच्या तोंडाशी कान नेला तेव्हा ऐकू आलं, "डबी बघ गं नीट."

बघितली. कडेला एक कण होता. चमच्यातल्या उरलेल्या पाण्याने डबी खळबळली आणि ते पाणी पिऊन टाकलं, मग त्यांनी मनगट सोडलं.