प्लॅस्टरच्या आधीचा फोटो: आमची वाटचाल

२०१२ साली कोल्हापुरात शाहूपुरीतल्या तळमजल्यावरच्या गाळ्यात आम्ही घरांच्या नूतनीकरणाचे फोटो काढण्याचा व्यवसाय सुरू केला, तेव्हा असे फोटो म्हणजे काम संपल्यावर पडदे लावून काढलेले फोटो, अशीच सर्वांची समजूत होती. आम्ही मात्र तोडफोडीपूर्वीचे, प्लॅस्टरच्या आधीचे आणि शेवटचे असे तिन्ही टप्पे टिपत आलो. निकॉन डी ९० कॅमेरा, टोकिनाची ११-१६ मिमी वाइड अँगल लेन्स आणि एक जड ट्रायपॉड एवढेच भांडवल होते. भिंतीत झिऱ्या, म्हणजे लांब खाचा, मारून नळाच्या आणि वायरिंगच्या पाइपा बसवल्या की त्या बुजण्याआधी कोपऱ्यापासून मीटर टेप ताणायचा आणि कॅमेरा भिंतीला अगदी समांतर धरायचा. तो जरा वर उचलला तरी उभ्या रेषा ओळंब्यात राहत नाहीत आणि मापही फसते.

या फोटोंची खरी किंमत ओळखली ती मंगळवार पेठेतल्या एका गवंडी मेस्त्रींनी. पहिल्या कामापासून ते प्रत्येक फोटोचा कागदी प्रिंट मागून घेत.

ऑगस्ट २०१९ मध्ये पंचगंगेने ४३ फुटांची धोक्याची पातळी ओलांडली आणि पाणी ५५ फुटांवर गेले. कॅमेरे आम्ही आधी हलवले होते, पण खालच्या फळीवरच्या हार्ड डिस्क राहून गेल्या. पाणी ओसरल्यावर शटर उघडले, तेव्हा त्या चिखलातून उपसून काढाव्या लागल्या. नेमक्या त्याच दिवसांत भिजलेल्या घरांचे प्लॅस्टर फोडायचे होते आणि पाइपा कुठून गेल्या आहेत हे विचारायला लोक आमच्याकडे येत होते. शहरातल्या एका प्रतिस्पर्ध्याने, ज्याने झिरीचा फोटो कधी काढला नव्हता, 'त्यांच्याकडे आता काही उरलेले नाही' असे आमच्या ग्राहकांना सांगितले, आणि आमच्याशी वर्षानुवर्षे जोडलेल्या दोन वास्तुविशारदांनी साधी चौकशीही न करता त्याला कामे दिली. ते शल्य अजून गेलेले नाही.

त्याच आठवड्यात मेस्त्री सिमेंटच्या पोत्यात गुंडाळलेले अल्बम घेऊन आले. "सगळं हाय की माझ्याकडं, कशाला घाबरताय?" एवढेच ते म्हणाले. सात वर्षांचे प्रिंट होते आणि प्रत्येकामागे त्यांच्या पेन्सिलीच्या अक्षरात गल्ली, घर, भिंत लिहिलेली होती: 'मोरी, उत्तर भिंत, नळ वर'. खिडकीच्या उजेडात एकेक प्रिंट पुन्हा टिपत आम्ही महिनाभर बसलो आणि ज्यांना हवे होते त्यांना फोटो विनामूल्य दिले.

या व्यवसायात येणाऱ्यांना सांगावेसे वाटते: ट्रायपॉडची जागा फरशीवर खूण करून ठेवू नका, कारण फरशीच बदलते, दोन भिंतींपासूनचे अंतर लिहून ठेवा. पूर्वाभिमुख घराचा दर्शनी भाग सकाळीच घ्या. आत दिवसाचा उजेड पुरेसा असेल तर दिवे बंद करा, नाहीतर भिंतीचा एक भाग निळसर आणि दुसरा पिवळा येतो. फोटोंची एक प्रत मात्र दुसऱ्या पेठेत, वरच्या मजल्यावर ठेवा.

ते वास्तुविशारद परत आले नाहीत. अल्बम आजही मेस्त्रींच्याच कपाटात आहेत आणि दर महिन्याचे नवे प्रिंट आम्ही स्वतः नेऊन त्यांत लावतो. मागची अक्षरे अजून तेच लिहितात.