इंग्रजी नऊ आणि आपला एक

बेळगावच्या पश्चिमेला राकसकोपच्या वाटेवर एक गाव आहे, भात आणि रताळ्याचं. तिथं मी प्रौढ शिक्षणाचं काम बघते, म्हणजे टॅबवर छोटे व्हिडिओ धडे लावून बायकांना लिहायवाचायला शिकवायचं. केंद्र सरकारचा उल्लास कार्यक्रम २०२२ पासून चाललाय, १५ वर्षांवरचं कुणीही शिकू शकतं, ॲप आहे, शिकवणारे स्वयंसेवक. पण गावात गेलं की कळतं, घरात चांगला फोन एकच आणि तो पोराबरोबर उद्यमबागेत फौंड्रीत गेलेला, आणि शाळेत संध्याकाळी वर्ग ठेवला तर धार कोण काढणार? पहिले दोन महिने मी जवळजवळ रिकाम्या खोलीत बसले.

मग स्त्रीशक्ती बचत गटाच्या एक बाई म्हणाल्या, "म्याडम, बायका गोळा कुठं हुतात ते बगा की आदी. डेअरीत या."

गेले. दूध तपासायचं मशीन साडेसहाला सुरू व्हायचं पण बायका सहापासूनच किटल्या घेऊन कट्ट्यावर बसलेल्या. सेक्रेटरीकाकांनी वायर ओढून प्लग दिला, भजनी मंडळानं स्पीकर दिला, आणि रेंजचा भरवसा नाही म्हणून धडे मेमरी कार्डात भरून नेले. आठवड्याभरात वीस-बावीस बायका पाट्या घेऊन बसायला लागल्या. मला एवढा आनंद झाला होता की बस.

आणि मग तो दिवस. आमच्या वर्गातली एक मावशी, पंचावन्नच्या पुढची, शाळेची पायरी कधी न चढलेली, दूध घालून स्लिप हातात घेतली आणि खिडकीपाशीच थांबली.

"काका, माझ्या म्हशीला फॅट सहा पॉइंट एक? कालपातूर सातला टेकत होतं. पाणी घातलो काय मी?"

"सहा पॉइंट नऊ हाय गे ते!"

"मला येतंय आता वाचायला. हे एकच हाय."

दुधाचा दर फॅटवर, त्यामुळं मागच्या बायकाही तिच्या बाजूनं बोलायला लागल्या, काकांचा आवाज चढला, "ह्याच्यासाठी जागा दिलो काय तुमास्नी?" मी पुढं होऊन स्लिप बघितली. इंग्रजी नऊ. वर गोल डोकं, खाली शेपूट. आमच्या पाटीवरचा १ अगदी तसाच दिसतो! इंग्रजी आठ आणि आपला ४ यांचंही तेच, फक्त चारचं डोकं उघडं.

चूक सरळ आमची होती. मराठी बायका म्हणून आम्ही धड्यात फक्त देवनागरी आकडे घातलेले. पण तिच्या रोजच्या जगण्यातला आकडा आहे कुठल्या लिपीत? दुधाची स्लिप इंग्रजी, कर्नाटक सरकारच्या गृहलक्ष्मी योजनेचे २००० रुपये जमा झाल्याचा मेसेज इंग्रजी, फोनची बटणं इंग्रजी. जून २०२३ पासून बायकांना सरकारी बस फुकट आहे, पण पाटी कन्नडमध्ये, त्यामुळं बस कुठली हे अजून कंडक्टरलाच विचारावं लागतं. तीन लिप्यांच्या मधे राहणाऱ्या बाईला आम्ही एकच शिकवली आणि वाचता येतं असं सांगून मोकळे झालो.

मी सगळ्यांसमोर तसं सांगितलं. काका गप्प झाले. मावशीनं स्लिप घडी घालून कमरेला खोचली आणि निघून गेली. दुसऱ्या दिवशी दूध घेऊन तिची सून आली. रात्री मला झोप लागली नाही खरंच, वाटलं एवढ्या कष्टानं आलेली बाई आपण घालवली.

तिसऱ्या दिवशी घरी गेले. मावशी गोठ्यात शेण भरत होती. "चार माणसात खोटी पडलो की म्याडम," एवढंच बोलली. मी म्हटलं, मावशी, आम्ही शिकवलं तसं तुम्ही बरोबर वाचलात, खोटं आम्हीच शिकवलं. हात धुऊन ती आत गेली आणि प्लॅस्टिकच्या पिशवीत बांधलेला स्लिपांचा गठ्ठा घेऊन आली, कधीपासूनच्या कुणास ठाऊक, कित्येकांची शाई उडून कागद कोरा झालेला. "टाकायचं धाडस झालं नाही. काय लिवलंय ते कुठं कळतंय? हे शिकवा."

तोच गठ्ठा आमचं पुस्तक झाला. नवा धडा डेअरीतच शूट केला, माझ्या फोनवर. मी सगळ्यात आधी काकांना विचारलं आणि ते हो म्हणाले, हे मला फार मोठं वाटतं, कारण भांडण त्यांच्याच खिडकीशी झालेलं. त्यांनी एकेक स्लिप मोठ्यानं वाचली, आधी लिटर, मग फॅट, मग दर, आणि शेजारी मावशी दोन पाट्या धरून उभी, एकीवर इंग्रजी नऊ, दुसरीवर आपला ९. मागं कुणाची तरी किटली पडल्याचा आवाज आलाय तो तसाच ठेवला. बसच्या पाटीसाठी कन्नड आकड्यांचा धडा आता कन्नड शाळेतल्या एक बाई करून देणार आहेत.

दहा दिवसांनी बिलाच्या संध्याकाळी मी कट्ट्यावर होते. मावशीनं स्लिप दिव्याखाली धरली, बोट ठेवत ठेवत वाचली, "चार पॉइंट आठ लिटर", मग शेजारच्या बाईकडं वळून म्हणाली, "हा इंग्रजी आठ हाय गे, आपला चार न्हवं. डोकं बंद हाय बग त्याचं."