भास्कर चंदावरकर : चालीपलीकडचा संगीतकार

भास्कर चंदावरकर यांचे नाव निघाले की ‘त्यांचे गाजलेले गाणे कोणते?’ असा प्रश्न हमखास येतो, आणि संगीतकार म्हणजे चाली बांधणारा माणूस एवढीच आपली समजूत असल्याचे त्यातून दिसते. चंदावरकर (१९३६-२००९) पुण्याचे. पंडित रविशंकर यांच्याकडे त्यांनी सतारीची तालीम घेतली. पण मैफलीच्या वाटेवर ते रमले नाहीत. नाटक किंवा चित्रपट जे सांगू पाहतो ते ध्वनीतून कसे सांगता येईल, हाच त्यांचा खरा ध्यास होता, असे मला वाटते.

याचा सर्वांत ठसठशीत पुरावा म्हणजे १९७२ सालचे विजय तेंडुलकरांचे नाटक ‘घाशीराम कोतवाल’. पडदा उघडतो तेव्हा समोर ब्राह्मणांची रांग डोलत गणेशस्तवन गात उभी असते. हीच माणसे पाठ फिरवली की भिंत होतात आणि वळली की पुन्हा पुण्याचे नागरिक होतात. जब्बार पटेल यांचे दिग्दर्शन आणि कृष्णदेव मुळगुंद यांच्या हालचाली यांना एकत्र बांधून ठेवते ती लय चंदावरकरांची. ज्या तोंडांनी हरिनाम चालले आहे त्याच तोंडांना पुढच्या क्षणी लावणीची गोडी लागते, आणि हा दांभिकपणा वेगळ्या संवादाची गरज न पडता कीर्तन आणि लावणी यांच्या शेजारातूनच उघडा पडतो. तेंडुलकरांची संहिता नुसती वाचताना काहीशी कोरडी वाटते, त्याचे कारणही हेच असावे.

‘सामना’ या चित्रपटात तर एकाच संगीतकाराची दोन टोके ऐकू येतात. ‘सख्या रे घायाळ मी हरिणी’ हे लताबाईंच्या आवाजातले गाणे रसरशीत आणि मोहक; उलट आरती प्रभूंचे शब्द आणि रवींद्र साठे यांचा भरदार आवाज लाभलेले ‘कुणाच्या खांद्यावर कुणाचे ओझे’ संथ पावलांनी असे चालते, की शब्दांतले ओझे चालीतही जाणवावे. लोकप्रियता पहिल्याला जास्त मिळाली असेल, पण माझे मत दुसऱ्याला. पुढे ‘तीन पैशाचा तमाशा’त जर्मन नाटककार ब्रेख्तच्या कथेला पु. लं.नी मराठी रूप दिले, तेव्हा रॉक गाणारे नंदू भेंडे आणि मराठी नाट्यसंगीत यांना एका रंगमंचावर नांदवण्याच्या खटाटोपातही चंदावरकर होतेच. गिरीश कार्नाडांचा कन्नड ‘ओंदानोंदु कालदल्ली’ असो वा मृणाल सेन यांचा ‘खंडहर’, भाषा बदलली म्हणून ते अडले नाहीत.

१९६५ ते १९८० अशी पंधरा वर्षे ते पुण्याच्या फिल्म इन्स्टिट्यूटमध्ये संगीत शिकवत होते. समोरचे विद्यार्थी गवई व्हायला आलेले नव्हते, तर दिग्दर्शक, छायालेखक, संकलक व्हायला आले होते. आणि चंदावरकरांसारख्या संगीतकाराला याहून योग्य वर्ग मिळाला नसता.