डब्यातून परत आलेले अक्रोड

मुलीच्या डब्यात दिलेले अक्रोड आणि बदाम गेल्या आठवड्यात जसेच्या तसे परत आले आणि सोबत वर्गशिक्षिकेची चिठ्ठी आली: सुकामेवा असलेला कोणताही पदार्थ शाळेत आणू नये. ती चिठ्ठी माझ्या जिव्हारी लागली. वाढत्या वयात मेंदूला स्निग्धांशाची गरज असते, शिवाय अ, ड, ई आणि के ही जीवनसत्त्वे त्याच्यावाचून अंगी लागत नाहीत, म्हणून मी इतक्या विचाराने भरलेला डबा इथे धोकादायक ठरावा, हे मला पटेना.

दुसऱ्या दिवशी शाळेत गेल्यावर कळले की वर्गातल्या एका मुलाला अक्रोडाची तीव्र ॲलर्जी आहे आणि माझ्या मुलीच्या हाताला लागलेला कणही त्याच्या तोंडात गेला तर त्याचा श्वास कोंडू शकतो. नियम योग्यच आहे, हे मी तिथेच मान्य केले. मात्र या नियमाच्या धास्तीने इथले काही पालक घरीही सुकामेवा देत नाहीत, ते मला चुकीचे वाटते. 2015 मध्ये प्रसिद्ध झालेल्या ‘लीप’ या ब्रिटिश अभ्यासात ॲलर्जीचा धोका अधिक असलेल्या 640 तान्ह्या बाळांचा समावेश होता. ज्यांना लवकर शेंगदाणे सुरू केले, त्यांच्यात पाचव्या वर्षी शेंगदाण्याची ॲलर्जी सुमारे 80 टक्क्यांनी कमी आढळली. अर्थात अशा बाळांना ते डॉक्टरांना विचारूनच द्यावेत.

आमच्या घरी जवसाला पहिला मान आहे. अख्खे जवस न पचताच बाहेर पडते, म्हणून मी त्याची पूड करते, तीही थोडीच, कारण त्यातले तेल लवकर खवट होते. ती घट्ट झाकणाच्या बरणीत फ्रिजमध्ये राहते. चहाच्या चमचाभर पुडीतून सुमारे अर्धा ग्रॅम ओमेगा-3 हा शरीराला आवश्यक स्निग्धांश मिळतो आणि चार ते आठ वर्षांच्या मुलांची दिवसाची गरज 0.9 ग्रॅम धरली जाते. धाकटा तीन वर्षांचा आहे. अख्खा दाणा घशात अडकण्याची भीती असल्याने त्याला बदामाची पूडच मिळते.

तिळासारख्या बियांचीही ॲलर्जी असते, म्हणून शिक्षिकेला विचारूनच आता डब्यात भोपळ्याच्या बिया जातात. अक्रोड मुलगी संध्याकाळी घरी आल्यावर खाते. सकाळी शाळेत जाण्यापूर्वी मी तिला ते देत नाही.