भुऱ्याच्या वाटचं कोहळं

आमच्या यवतमाळ भागात कोहळं म्हणजे लाल भोपळा. पेठ्याचा पांढरा तो वेगळा. साक्षगंधाच्या पंगतीत उरलेली कोहळ्याची भाजी मी मोठ्या मनानं आमच्या कुत्र्याला, भुऱ्याला घातली. रात्रभर त्याला ढाळ. सकाळी गाडीवर पुढ्यात बसवून तालुक्याच्या जनावरांच्या दवाखान्यात नेलं.

डॉक्टरांनी त्याच्या हिरड्या पाहिल्या अन् मलाच झापलं. "कोहळ्यानं नाही झालं हे. त्यातल्या तेलानं, मसाल्यानं झालं. अन् कांदा-लसण काहून देता त्याले?" कांदा-लसणानं कुत्र्याच्या रक्तातल्या तांबड्या पेशी फुटतात. ते लगेच नाही, काही दिवसांनी दिसतं: हिरड्या पांढुरक्या पडतात, लघवी लालसर होते, जनावर मलूल बसतं. मांजरीला तर त्याहून थोडाही बाधतो. आठवडाभर मी रोज भुऱ्याचा ओठ उचलून पाहत होतो. निभावलं.

गंमत म्हणजे पोट सावरायला डॉक्टरांनी सांगितलं तेही कोहळंच! साल, बिया, देठ काढायचं, नुसत्या पाण्यात मऊ शिजवायचं, मीठसुद्धा नाही. त्यातला चोथा पातळ शौच बांधतो अन् कडक असेल तर मऊही करतो. पहिल्या दिवशी चहाचा एक चमचा, मग भातात कालवून दोन मोठे चमचे. भुऱ्या सतराएक किलोचा, म्हणून एवढं. मला वाटलं, चांगलं आहे तर वाटीभर देऊ. पुन्हा पातळ! चूक माझीच.

मनीला अर्धा चमचा दिला. तिनं हुंगून पाय झटकले. मांजर मांसावर जगणारं, तिला कोहळ्याची गरज नाहीच म्हणा. शौच कडक झालं तेव्हा बिनमिठाच्या, बिनकांद्याच्या कोंबडीच्या पाण्यात कालवलं, तर चाटलं. मात्र बोका कुंथत असेल तर कोहळ्याच्या भरवशावर राहू नका, लघवी तुंबलेली असू शकते. तसाच दवाखान्यात न्या.

उकिरड्यावर आपोआप उगवलेल्या वेलाचं एक कोहळं कडू निघालं. कडू भोपळा माणसालाही विषारी, शिजवूनही कडूपणा जात नाही. आईनं ते खड्ड्यात पुरलं. आता कोणतंही कोहळं चिरलं की ती आधी कणभर जिभेला लावते अन् थुंकून टाकते. भुऱ्या विळीपाशी तिच्या तोंडाकडं पाहत बसलेला असतो.