ओल

आमच्या वॉशिंग मशीनवर मी जवळजवळ तीन आठवडे खोटा आळ घेतला. रोज पहाटे मशीनच्या पुढ्यातल्या फरशीवर पाण्याचे थारोळे दिसायचे, स्वच्छ, बिनरंगाचे, कसलाच वास नसलेले. आणि ज्या घरात त्याच महिन्यात वरच्या मजल्यावरच्या न्हाणीघरातून छताला ओल आलेली असते, त्या घरात खाली पाणी दिसले तर माणसाचा विचार नळी आणि वॉयसर यांच्यापलीकडे जात नाही. दुरुस्तीवाला दोनदा येऊन गेला. पहिल्यांदा त्याने नळी बदलली. दुसऱ्यांदा मशीनच्या पोटाखाली हात फिरवून कोरडा हात मला दाखवला आणि निघताना सहज म्हणाला, "साहेब, घरात कुत्रं आहे ना तुमच्या?" मला त्याचा राग आला. मनी अकरा वर्षांची होती आणि पिल्लूपणीचे पहिले काही महिने सोडले, तर तिने घरात कधी ओले केले नव्हते.

मनी हे मांजरीचे नाव आहे, हे मला ठाऊक आहे. ती घरी आली तेव्हा आमची मुलगी तीन वर्षांची होती आणि चार पायांचे, मऊ असे जे जे काही असेल ते तिच्या लेखी मांजर होते. मुलगी पुढे सुधारली; नाव राहून गेले.

दुरुस्तीवाला गेल्यावर रागारागाने मी मनीचे पाण्याचे भांडे उचलले, तर ते रिकामे. सकाळीच मी ते काठोकाठ भरले होते. बायकोला विचारले, तर तिनेही दुपारी भरले होते. मुलीनेही शाळेतून आल्यावर भरले होते. आणि अण्णा, म्हणजे माझे वडील, रोज संध्याकाळी ते भरतात, हे तर आम्हाला कोणाला माहीतच नव्हते. चौघेही आपापल्या जागी समजत होते, की या घरात कुत्रीची काळजी फक्त आपल्यालाच आहे. दुसऱ्या दिवशी मापाच्या भांड्याने मोजून पाणी दिले, तेव्हा आकडा दोन लिटरच्या वर गेला. चौदा किलोच्या कुत्र्याला दिवसभरात साधारण पाऊण-एक लिटर पाणी पुरते.

अधिक पाणी पिणे आणि अधिक लघवी होणे म्हणजे मूत्रपिंडे जोमात चालली आहेत, असा माझा बाळबोध समज होता. तो डॉक्टरांनी तपासणीच्या टेबलापाशीच दूर केला. मूत्रपिंडाचे मोठे काम पाणी बाहेर टाकणे हे नसून ते राखणे, घाण तेवढी थोड्या पाण्यात विरघळवून टाकणे आणि उरलेले पाणी शरीराला परत करणे हे आहे. ती ताकद गेली की लघवी पाण्यासारखी पातळ होते, आणि गेलेले पाणी भरून काढण्यासाठी जनावर भांड्यापाशी पुन्हा पुन्हा येते. म्हणजे मनी जास्त पाणी पीत होती म्हणून जास्त जात होती असे नव्हे, तर जात होते म्हणून बिचारी पीत होती. थारोळ्याला रंग आणि वास का नव्हता, हेही तेव्हा कळले. रक्तातले क्रिएटिनिन, म्हणजे मूत्रपिंडांनी गाळून बाहेर टाकायची एक घाण, 4.2 निघाले. दीड-पावणेदोनच्या वर ते जाऊ लागते तेव्हाच मूत्रपिंडांची सुमारे तीन चतुर्थांश कार्यशक्ती संपलेली असते, कारण उरलेला भाग तोपर्यंत तक्रार न करता सगळ्यांचे काम ओढत राहतो. आजाराच्या चार टप्प्यांपैकी हा तिसरा होता. कुत्र्याच्या मूत्रपिंडांना घातक ठरणारी द्राक्षे, मनुका किंवा माणसांची वेदनाशामक गोळी तिने कधी खाल्ली का, असे डॉक्टरांनी विचारले आणि आम्ही तिघांनी एकमेकांकडे अशा नजरेने पाहिले, की ती नजर मी अजून विसरलेलो नाही.

खरे तर घरात आजारपण येते तेव्हा बाकीच्या अडचणींनी थोडे सरकून त्याला जागा करून द्यावी, अशी आपली अपेक्षा असते. तसे काही झाले नाही. छताचे पोपडे त्याच आठवड्यात गळून मुलीच्या अभ्यासाच्या टेबलावर पडले, तिची परीक्षा चार दिवसांवर होती, वरच्या मजल्यावरचे लोक ओल आपल्याकडची नसून पावसाची आहे असे छातीठोकपणे सांगत होते, आणि अण्णांच्या डाव्या डोळ्याचे मोतीबिंदूचे ऑपरेशन आधीच ठरलेले होते. फ्रिजच्या दारावर दोन वेळापत्रके शेजारी शेजारी लागली : एक अण्णांच्या डोळ्यात घालायच्या थेंबांचे, दुसरे मनीच्या औषधांचे. फॉस्फरस शोषला जाऊ नये म्हणून द्यायची पूड जेवणातच मिसळायची, मळमळीची गोळी मात्र जेवणाआधी. एकदा बायकोने घाईत अण्णांच्या थेंबांपुढे मनीच्या नावाची खूण केली, तेव्हा अण्णा शांतपणे म्हणाले, "चालेल. पण माझ्या पाठीत सुई टोचू नकोस म्हणजे झालं."

सुई हा रोजचा कार्यक्रम झाला होता. कातडीखाली दोनशे मिलिलिटर सलाईन घरीच द्यायचे. डॉक्टरांनी दाखवले तेव्हा ते सोपे वाटले होते : खांद्यांच्या मधली सैल कातडी चिमटीत धरून तंबूसारखी उचलायची आणि तंबूच्या दारातून सुई आत सारायची. घरी पहिल्या दिवशी सुई कातडीतून आरपार जाऊन पलीकडून बाहेर आली आणि निम्मे सलाईन माझ्या पायजम्याने प्यायले. पिशवी आधी कोमट पाण्यात ठेवली, तर थंड द्रव आत जाताना ती शहारत नाही, हे तिसऱ्या-चौथ्या दिवशी जमले. पुढचा प्रश्न पिशवीवरच्या रेघांचा होता. मी सुई धरायचो, मुलगी मनीचे डोके मांडीवर घेऊन इतिहासाचे धडे मोठ्याने वाचायची, बायको पिशवी उंच धरायची. रेघा कोणी वाचायच्या? ते काम अण्णांनी मागून घेतले. नव्या भिंगातून त्यांना इतक्या वर्षांनी बारीक आकडे स्वच्छ दिसू लागले होते आणि ते दाखवायला त्यांना निमित्त हवेच होते. "शंभर गेले... दीडशे... थांबा, अजून दहा आहेत," असे ते खुर्चीतून पुकारायचे. सलाईन संपले की मनीच्या पाठीवर उंटासारखे मदार उभे राहायचे, आणि जिरता जिरता ते घरंगळून पुढच्या एका पायाशी यायचे, त्यामुळे रात्री ती एका पायात जाड मोजा घातल्यासारखी दिसायची.

एका कुत्र्यासाठी एवढे कशाला, असे विचारणारे भेटले. त्यांना मी काही उत्तर दिले नाही; त्यांच्याशी वाद घालण्याइतकी झोपच माझी पुरी झालेली नसायची. मला स्वतःला छळणारा प्रश्न निराळा होता. तीन आठवडे आधी कळले असते, तर? डॉक्टरांच्या मते फार फरक पडला नसता, कारण मूत्रपिंडाचा जो भाग गेला तो त्याच्या कितीतरी आधी गेला होता. मी मान डोलावली. पण ज्या पहाटे मी त्या थारोळ्यावरून मशीनला शिव्या देत होतो, तेव्हा मनी दाराशी मान खाली घालून बसलेली असायची, हे डॉक्टरांनी पाहिलेले नव्हते.

किती दिवस, हेही मी एकदा विचारले. "ती खाते आहे तोवर मोजू नका," एवढेच ते म्हणाले. म्हणून मग आम्ही घास मोजू लागलो. अन्न किंचित कोमट केले की त्याचा वास सुटतो आणि ती तोंड लावते. नाही लावले, तर त्या दिवशी घरात कोणाचेच जेवण धड व्हायचे नाही. दुसऱ्या तपासणीत क्रिएटिनिन 3.6 वर आले, तेव्हा मुलीने परीक्षेचे गुण सांगावेत तसा तो आकडा सगळ्यांना फोन करून सांगितला.

चौथ्या महिन्यातल्या एका पहाटे उठून पाहतो, तर मशीनपुढे पुन्हा थारोळे. गेले अनेक आठवडे मनीला रात्री दोन वाजता बाहेर नेण्याची पाळी आम्ही वाटून घेतली होती आणि फरशी कोरडी राहत होती. माझ्या पोटात गोळा आला. दिवा लावून खाली वाकलो, बोट बुडवले. बोटाला गुळगुळीत लागले आणि कडेला बारीक फेस होता. मनी तिच्या गोधडीवर, कोरडी, पाय ताणून घोरत होती. मी तिथेच फरशीवर बसलो, आणि मशीन खरोखरच बिघडले आहे, या आनंदाच्या भरात पहाटे साडेपाचला दुरुस्तीवाल्याला फोन लावला.