घड्याळ मागेपुढे करण्याचा खटाटोप थांबवावा का?

मार्च आणि ऑक्टोबर महिन्यांचा शेवटचा रविवार जवळ आला की ब्रिटनमध्ये एक जुना वाद पुन्हा डोके वर काढतो: वर्षातून दोनदा, मार्चमध्ये तासभर पुढे (उन्हाळी वेळ) आणि ऑक्टोबरमध्ये तासभर मागे (हिवाळी वेळ), घड्याळाचे काटे हलवण्याची ही पद्धत आता बंद का करू नये? माझ्या ओळखीतील बहुतेकांचे, त्यातही भारतातून येथे आलेल्यांचे, उत्तर ठरलेले असते. आपल्याकडे कोणी घड्याळाला हात लावत नाही आणि कोणाचे काही अडतही नाही, मग यांनाच ही हौस कशाला? मी स्कॉटलंडमधील एडिंबरामध्ये राहते, आणि येथील काही हिवाळे अंगावर काढल्यानंतर माझे मत या बहुमताच्या उलट झाले आहे. हा प्रकार कटकटीचा आहे हे मान्य, तरीही तो चालू राहिला पाहिजे असे मला वाटते.

प्रश्न मुळात अक्षांशाचा आहे. मुंबईत सर्वांत मोठा आणि सर्वांत लहान दिवस यांत सव्वादोन तासांच्या आसपास फरक पडतो, त्यामुळे एकच वेळ बारा महिने चालवून घेता येते. एडिंबरामध्ये जूनचा मोठा दिवस साडेसतरा तासांचा असतो आणि डिसेंबरचा लहान दिवस जेमतेम सात तासांचा. डिसेंबरच्या तिसऱ्या आठवड्यात येथे सूर्य सकाळी ८.४२ च्या सुमारास उगवतो आणि दुपारी ३.४० ला मावळतो, आणि तेही घड्याळ हिवाळी वेळेवर असताना. उन्हाळी वेळ वर्षभर ठेवली तर हाच सूर्योदय पावणेदहाला होईल. उलट हिवाळी वेळ वर्षभर ठेवली तर जूनमध्ये पहाटे साडेतीनच्या आत सूर्य वर येईल, आणि तो उजेड कोणाच्याही कामी न येता जाड पडद्यांशी झुंजत बसेल.

‘सूर्योदय पावणेदहाला’ म्हणजे काय, हे कागदावर वाचून नीटसे कळत नाही. आमच्या रस्त्यावरून शाळेत जाणारी मुले डिसेंबरात साडेआठच्या सुमारास निघतात तेव्हा रस्त्यावरचे दिवे चालूच असतात, परंतु आकाशाची पूर्वेकडची कड निवळू लागलेली असते. चौकात उंच दांड्याची गोल पाटी धरून मुलांना रस्ता ओलांडून देणारे गृहस्थ निदान माणसासारखे दिसतात. त्यांच्या पिवळ्या कोटावरचे चमकते पट्टे तेवढे दिसताहेत असे होत नाही. फूटपाथवर कोठे नुसते ओले आहे आणि कोठे रात्रीचे पाणी गोठून काच झाली आहे, हेही त्या अंधुक उजेडात कळते. हीच सकाळ आणखी एक तास पुढे ढकलली की मुले काळोखात शाळेत पोचतील आणि पहिला तास संपत आल्यावर बाहेर उजाडेल.

घड्याळ पुढे करण्याच्या या कल्पनेमागे विल्यम विलेट नावाचा एक इंग्रज बांधकाम व्यावसायिक होता. उन्हाळ्याच्या सकाळी लोक झोपलेले असताना चांगला उजेड वाया जातो, हे पाहून त्याने १९०७ मध्ये एक पत्रक छापले. एकदम तासभर बदल करावा असे त्याचे म्हणणे नव्हते. एप्रिलमधल्या चार रविवारी वीस-वीस मिनिटांनी घड्याळ पुढे न्यावे, असे त्याने सुचवले होते. ती चार रविवारांची यातायात टळली याबद्दल आपण आभारच मानले पाहिजेत. विलेट १९१५ मध्ये वारला. पुढच्याच वर्षी, महायुद्धात कोळसा वाचवण्यासाठी, जर्मनीने ३० एप्रिलला आणि ब्रिटनने २१ मे रोजी घड्याळे पुढे केली.

‘एकदाची उन्हाळी वेळच कायम करून टाका’ हा आजचा लोकप्रिय उपाय ब्रिटनने प्रत्यक्ष करून पाहिलेला आहे, आणि हे सांगितले की पुष्कळांना आश्चर्य वाटते. १९६८ च्या फेब्रुवारीत पुढे केलेली घड्याळे १९७१ च्या ऑक्टोबरपर्यंत मागे नेलीच नाहीत. संध्याकाळचे अपघात कमी झाले, सकाळचे वाढले, आणि एकूण हिशेबात जीव वाचले असे त्या योजनेच्या समर्थकांचे म्हणणे आजही आहे. तरीही उत्तरेकडील लोकांना, विशेषतः स्कॉटलंडमधील शेतकरी, बांधकामावरचे मजूर आणि शाळकरी मुलांचे पालक यांना, त्या काळोख्या सकाळी असह्य झाल्या. डिसेंबर १९७० मध्ये संसदेत मतदान झाले आणि ८१ विरुद्ध ३६६ मतांनी प्रयोग गुंडाळण्यात आला. अमेरिकेने जानेवारी १९७४ मध्ये तेलटंचाईच्या काळात हेच केले आणि त्याच वर्षी शरद ऋतूत ते मागे घेतले. रशियाने २०११ मध्ये उन्हाळी वेळ कायमची केली आणि २०१४ मध्ये ती सोडून दिली. तुर्कस्तान २०१६ पासून उन्हाळी वेळेवरच आहे, परंतु इस्तंबूल एडिंबराच्या पंधरा अंश दक्षिणेला आहे.

युरोपीय संघाचे उदाहरण तर फारच बोलके आहे. २०१८ मध्ये तेथे जनतेची मते मागवली गेली. सुमारे ४६ लाख लोकांनी उत्तरे दिली, त्यांतील तीस लाखांहून अधिक एकट्या जर्मनीतून, आणि ८४ टक्के लोकांनी बदल बंद करा असे सांगितले. मार्च २०१९ मध्ये युरोपीय संसदेने ४१० विरुद्ध १९२ मतांनी त्याला मान्यताही दिली. त्यानंतर गाडे अडले ते अडलेच, कारण बंद करायचे यावर एकमत असले तरी कोणत्या वेळेवर थांबायचे यावर प्रत्येक देशाचे तोंड वेगळ्या दिशेला आहे.

झोपेच्या अभ्यासकांचा आक्षेप मात्र हसण्यावारी नेता येणार नाही. मार्चमध्ये एक तास हरवल्यावर पुढचे काही दिवस झोप आणि प्रकृती दोन्ही बिघडतात, सकाळच्या उजेडावर शरीराचे घड्याळ लागते, म्हणून वर्षभर हिवाळी वेळच ठेवावी, अशी शिफारस ब्रिटिश स्लीप सोसायटीने २०२४ मध्ये केली. वीज वाचते हा जुना दावाही आता टिकत नाही. अमेरिकेतील इंडियाना राज्यात २००६ मध्ये सर्वत्र उन्हाळी वेळ लागू झाल्यावर घरगुती विजेचा वापर सुमारे एक टक्क्याने वाढल्याचेच आढळले. हे सर्व मी मान्य करते. तरीही हिवाळी वेळ कायमची केली तर खरा तोटा जूनमध्ये नाही, एप्रिल आणि सप्टेंबरमध्ये होईल. सप्टेंबरच्या मध्याला येथे सूर्य साडेसातच्या थोडे आधी मावळतो. तो साडेसहालाच मावळू लागला, तर कामावरून घरी येऊन, मुलांना घेऊन बागेत जाण्याइतकी संध्याकाळ शिल्लकच राहणार नाही. ज्या देशात उघडीप मिळेल तेव्हा पदरात पाडून घ्यावी लागते, तेथे हा तास लहान नाही.

‘आपल्याकडे कोणी घड्याळाला हात लावत नाही’ हेही तितकेसे खरे नाही. दुसऱ्या महायुद्धात, १९४२ ते १९४५ या काळात, भारतातील घड्याळे तासभर पुढे होती. मुंबई महापालिका तर स्वातंत्र्यानंतरही काही वर्षे प्रमाणवेळेच्या ३९ मिनिटे मागे असलेल्या ‘मुंबई टाइम’ला धरून होती. आसामच्या चहामळ्यांत अजूनही तासभर पुढची ‘बागान टाइम’ पाळतात. आता साताऱ्याला आईशी बोलताना साडेचार तासांचा फरक साडेपाच तासांचा होतो, तेव्हा ‘तुमचं घड्याळ पुन्हा बिघडलं का?’ हा तिचा प्रश्न ऐकून घ्यावा लागतो, एवढे मात्र आहे.

माझी खरी तक्रार तारखांबद्दल आहे. ऑक्टोबरअखेर घड्याळ मागे जाते, म्हणजे सर्वांत लहान दिवसाच्या सुमारे आठ आठवडे आधी. आणि ते पुन्हा पुढे येते मार्चअखेर, म्हणजे त्या दिवसानंतर चौदा आठवड्यांनी. सूर्याच्या हिशेबाने ऑक्टोबरअखेरचा जोडीदार फेब्रुवारीचा मध्य आहे. ऑक्टोबरात आठच्या सुमाराचा सूर्योदय एडिंबरा सहन करत असेल, तर मार्चच्या पहिल्या आठवड्यातही तो सहन करता येईल. मार्चच्या सकाळी अधिक गारठा असतो हे खरे, पण संध्याकाळचा एक तास तीन-चार आठवडे आधी मिळेल. अमेरिकेने २००७ पासून मार्चच्या दुसऱ्या रविवारी घड्याळ पुढे करायला सुरुवात केलीच आहे.

अर्थात ब्रिटनला हे एकट्याने करणे जड जाईल. ब्रिटनचाच भाग असलेल्या उत्तर आयर्लंडची जमिनीवरची सीमा स्वतंत्र आयर्लंडला लागून आहे, रोज ती ओलांडून कामाला जाणारे लोक आहेत, आणि सीमेच्या दोन्ही बाजूंना शेते असलेले शेतकरी आहेत. वर्षातील काही आठवडे त्यांच्यावर दोन घड्याळे लादणे लंडनला परवडणारे नाही. डब्लिनचे हात युरोपीय संघाच्या नियमाने बांधलेले आहेत, आणि त्या नियमात बदलाच्या तारखाही ठरवून दिलेल्या आहेत. तेव्हा २०१९ पासून पुढे न सरकलेला तो प्रस्ताव पुन्हा चर्चेला येईल, त्या वेळी लंडन आणि डब्लिन यांनी मिळून या तारखांचा मुद्दा पुढे करावा.